नवरीच्या गाडीतला डाग

१

कापूरहोळच्या फाट्यावर, जिथून भोरचा रस्ता फुटतो, तिथं माझ्या सलीमचं सीटकव्हरचं दुकान. पुढं दुकान, मागं पत्र्याच्या तीन खोल्या, आणि मधल्या अंगणात एक पांढरी अँबॅसिडर. साऱ्या भोर-वेल्ह्यात तिला नवरीची गाडी म्हणत. लग्नसराईत तिला उसंत नसायची. लग्न हिंदूंचं असो, आमच्यातलं असो, मुलगी बापाच्या दारातून निघाली की त्याच गाडीत बसायची.

गाडीची मागची सीट सलीमनं खऱ्या चामड्याची बसवलेली. दुधावरच्या सायीसारखा रंग. मोडीत निघालेल्या कुठल्याशा मोठ्या गाडीची ती अख्खीच्या अख्खी मिळाली होती. रेक्झीनला उन्हात पाठ चिकटते, चामड्याला चिकटत नाही. त्या सीटपायीच लोक गाडी मागायचे.

आणि त्या सीटची निगा माझ्याकडं.

रडणारी मुलगी डोकं कुठं टेकते, कधी बघितलंय का? गाडी हलेपर्यंत ती आईच्या गळ्यात असते. गाडी हलली की हात सुटतात, आणि मग मान मागं तरी जाते नाहीतर खिडकीकडं तरी. गालाची कड, कानामागचा भाग, मानेची पावडर, सगळं चामड्यावर. काजळाचे ओघळ वेगळेच. आमच्यात एक रीत पडून गेली होती: एका नवरीचा डाग दुसऱ्या नवरीच्या अंगाला लागू द्यायचा नाही. लग्न रविवारी झालं की सोमवारी गाडी माझ्यापुढं उभी.

पहिलं कोरडं फडकं. जुन्या मलमलच्या ओढणीचं. ते नुसतं ठेवायचं आणि उचलायचं, घासायचं नाही. घासलं की रंग चामड्याच्या भोकाभोकांत जाऊन बसतो. मग तांदळाची बारीक पिठी डागावर थापायची आणि दुपारच्या नमाजापासून उन्हं कलल्यावरच्या असरच्या नमाजापर्यंत तशीच ठेवायची. मेकअपमधलं तेल ती ओढून घेते. पिठी झटकली की रिठ्याचा फेस. पाणी नाही, नुसता फेस. आणि पुसायचं ते कडेकडून आत. आतून बाहेर पुसलं तर डाग पसरतो. ओठांची लाली सगळ्यांत चिवट, ती शेवटी. लिंबाच्या नादी लागायचं नाही, डागाबरोबर चामड्याचाही रंग जातो.

माझी सून शगुफ्ता म्हणायची, "अम्मी, तुमच्या हातनं नुसता डाग जात न्हाई, डाग व्हता ह्येची आठवण पन जाती."

मला ते ऐकायला बरं वाटायचं.

२

फाट्यावर मोबाईलचा पहिला टॉवर उभा राहिला त्या उन्हाळ्यातली गोष्ट. सोमवारी सकाळी गेनूनं गाडी अंगणात लावली. गेनू आंबवड्याचा, आमच्या गाडीवरचा ड्रायव्हर. पन्नाशीला आलेला, तोंडानं तिखट.

"चाची, आज लवकर मोकळ्या व्हताय तुमी," तो म्हणाला. "पोरगी रडलीच न्हाई. एकाच जागी डाग हाय."

मी दार उघडून आत वाकले. सीटच्या पाठीवर, बरोबर मधोमध, एक तोंड होतं.

फरकाटा नव्हता. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी. डोळ्यांच्या जागी चामडं कोरं, भोवती काजळाची कड. ओठ तर ओठांसारखे. कुणीतरी सीटकडं तोंड करून बसावं, चेहरा अलगद टेकवावा आणि अलगद उचलावा, तसं.

"गेनू, पोरगी उलटी बसली व्हती का काय?"

"उलटी कशी बसंल? नवरदेव ह्या अंगाला, करवली त्या अंगाला, मधी ही हार सांभाळत. हालायला जागा न्हाई आन उलटी बसती."

"मग ह्ये बघ की काय हाय."

त्यानं खिडकीतून डोकावलं. बराच वेळ बघितलं. मग कानामागं खाजवलं. "उतरताना पडली आसंल तोंडावर."

"पडली आन कुंकू इस्कटलं न्हाई?"

"मला इचारू नगा बगा. म्या पुढं बघून गाडी चालवतो. मागं बघितलं आसतं तर आज तुमच्या सलीमनं माझंच कव्हर शिवलं आसतं."

तो हसला, मीही हसले. नवरी भोरची होती, साळूबाईची एकुलती मुलगी शेफाली. मी पिठी आणायला आत गेले.

३

पिठी थापायच्या आधी मी परत एकदा निरखून बघितलं. नाकपुडीशी नथीचा ठसा होता, बारीक मोत्यांचा, तीन ठिपके. नथ माझ्या उजव्या हाताला होती.

तिथं माझं मन अडकलं. नथ डाव्या नाकपुडीत घालतात. आमच्यात चमकी, त्यांच्यात नथ, पण बाजू डावीच. मी खोलीत गेले, शगुफ्ताच्या डब्यातली पावडर तोंडाला फासली आणि दुकानातल्या निळ्या रेक्झीनच्या तुकड्यावर तोंड दाबलं. उचलून बघितलं. माझी चमकी डावीकडंच उमटली होती. बरोबरच आहे. आपण ज्याच्यावर तोंड टेकवतो त्याच्यावर आपली डावी बाजू डावीकडंच राहते.

मग उजवीकडं कधी दिसेल? समोर बसून कुणी आपल्याकडं बघत असेल, तेव्हा.

"अम्मी!" शगुफ्ता दारात उभी. "ह्या वयात पावडर? कुठं निघाली सवारी?"

"डोळं तपासते," मी म्हणाले.

"पावडरीनं?" ती हसत आत गेली.

मी मनाला समजावलं. काही घरांत उजवी टोचत असतील. काही मुलींची डावी चिघळते म्हणून उजवी टोचतात. आणि मी कोण मोठी हिशेब लावणारी? मी डाग काढणारी. पिठी थापली. तोंड पांढरं झालं, नाकडोळे बुजले. असरनंतर झटकली आणि फेस घेऊन बसले. कडेकडून आत. कपाळ गेलं, हनुवटी गेली, गाल गेले. ओठांवर फडकं ठेवलं आणि उचललं, तर सीटनं सुस्कारा टाकला.

गादी आहे, आत स्पंज आहे. दाबला की हवा निघते. हे मला ठाऊक होतं. पण मी दाबत नव्हते, हात उचलत होते. हात उचलला की हवा आत जायला पाहिजे. मी परत दाबून बघितलं, परत उचललं. काही आवाज नाही. मनगटाला लागलेली ती हवा गरम होती. अंगणात ऊन होतं, गाडी तापली होती, म्हणून गरम. असंच असणार.

ओठ पुसून मी उठले. सीट नव्यासारखी निघाली.

४

मधल्या लग्नांत नेहमीसारखे नुसते फरकाटे निघाले. तीन आठवड्यांनी पालीहून गाडी आली. राजगडाच्या पायथ्याला पाली, तिथल्या शेतकऱ्याची मुलगी. सीटच्या पाठीवर, त्याच जागी, तोंड. ह्या वेळचं लहान होतं, हनुवटी टोकदार, आणि एका भुवईच्या मधोमध खाच. केसाइतकी जागा कोरी.

"गेनू, नवरीच्या भुवईला काय झालंय का?"

"तुमाला कुणी सांगितलं?" गेनू म्हणाला. "लहानपनी गडाच्या पायरीवरनं पडली व्हती. तिची आजी सांगत व्हती येताना. खोक हाय हितं." त्यानं स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं.

तो माझ्यासमोर उभा होता. त्याची डावी भुवई माझ्या उजवीकडं. सीटवरची खाचही उजवीकडंच.

माझा हात थांबला होता. ते मी नाकारत नाही. पण गुरुवारी गाडी परत लग्नाला जायची होती, आणि डाग दुसऱ्या नवरीला लागू द्यायचा नाही हा नेम माझ्याच घरचा. मी पिठी थापली, झटकली, फेस घेतला. हिला पुसताना सीटचा आवाज आला नाही. नुसतं चामडं हाताखाली किंचित मागं सरलं. कुणाच्या तोंडाकडं ओलं फडकं नेलं की कुणी मान मागं घेतं, तेवढंच. मी पुसलं.

त्यानंतर चारच दिवसांनी साळूबाई आली. भरदुपारी एसटीतून उतरली आणि थेट अंगणात. शेफालीची आई. पाणी दिलं ते तिनं हातात तसंच धरून ठेवलं.

"चाची, गाडीत काय ऱ्हायलं व्हतं का वो?"

"काय हरवलं? दागिना?"

"न्हाई." ती गाडीकडं बघत होती. "दागिनं सगळं हायती. काय ऱ्हायलं ते मला सांगता यीना. पन काय तरी ऱ्हायलंय."

मी तिला खाटेवर बसवलं.

"पोरगी आली माहेराला," ती म्हणाली. "चांगली हाय. हसती, बोलती, भाकऱ्या थापती. सासरचं बी नावाजत्यात. पन चाची, म्या तिला जे इचारते ना, त्यातलं मला ठावं हाय तेवढंच ती सांगती. माझ्या ठाव्याभायेरचं तिच्यापाशी कायच न्हाई. साळंत कुनी मैत्रीन व्हती, तिचं नाव मला ठावं न्हाई. तर तिला बी ठावं न्हाई. म्हनती, 'आई, तू सांग की.'"

"नवीन घर, नवीन मानसं. इसरती पोरगी."

"आपलंच इसरती व्हय?" साळूबाईनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "माझंच मला परत देती ती. येक दाना जास्तीचा न्हाई."

ती उठली, गाडीचं दार उघडलं, सीटवरून हात फिरवला. स्वच्छ सीट. खाली वाकून पायपुसण्याखाली बघितलं. मग मला म्हणाली, "लई निगुतीनं ठेवलीय वो तुमी."

 

५

उरलेल्या लग्नांत तसलं तोंड उमटलं नाही. पावसाळा लागला, लग्नं थांबली, गाडी ताडपत्रीखाली गेली. आणि त्याच पावसाळ्यात माझ्या नातीचं, मदिहाचं, जमलं. मुलगा भोरचा, मोहसीन. पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचा. दिवाळीनंतरची तारीख धरली. नव्या सराईतलं पहिलंच लग्न.

मदिहा म्हणजे घरातला आवाज. ती नसली की पत्र्याच्या खोल्या नुसत्या हायवेच्या ट्रकांच्या होत्या.

मी सलीमला दुकानात गाठलं. तो मशीनवर शिवत होता.

"मदिहाला आपल्या गाडीतनं न्हाई पाठवायचं. जीप सांग."

मशीन थांबलं. "का?"

"मी म्हनते म्हनून."

"वा! साऱ्या मुलखाच्या पोरी माझ्या गाडीतनं गेल्या, आन माझी पोर भाड्याच्या जीपमधी? लोक काय म्हनतील? गाडीत खोट हाय आन सलीमला ठावं हाय, आसंच म्हनतील."

"खोट हाय, सलीम. त्या गाडीतनं गेलेली पोर परत येत न्हाई."

तो हसला. मग माझ्या तोंडाकडं बघून मऊ झाला. "अम्मी, लगीन झाल्यावर पोर परत येतच न्हाई. तुमी आला व्हता का परत?"

मी त्याला तोंडांचं सांगितलं, नथीचं सांगितलं, साळूबाईचं सांगितलं. बोलताना माझंच मला पटेना. डाग, मेकअप, एक रडकी आई. सलीमनं सगळं ऐकून घेतलं आणि ताडपत्री काढून मला सीट दाखवली. दुधासारखी. "कुठाय? दावा."

कुठून दाखवणार? मीच पुसलेलं.

मग मी ठरवलं की जी गोष्ट टळत नाही तिच्या शेजारी जाऊन बसायचं. पाठराखीण म्हणून मीच जाणार, सासरी नवरीच्या सोबतीला. मोहसीनला पुढं गेनूच्या शेजारी बसवायचं, मागं आम्ही दोघीच. सीटवर जाड चादर. आणि मदिहाचं डोकं माझ्या खांद्यावर. फाट्यापासून भोर काही लांब नाही. तेवढा वेळ एक डोकं धरून ठेवायला मला जमणार नव्हतं का?

६

जमलं. जवळजवळ सगळ्या वाटेला जमलं.

चादर मी स्वतः खोचली होती. मदिहा आईला सोडून गाडीत आली तेव्हा हमसून रडत होती. मी तिचं डोकं खांद्यावर घेतलं, हातानं दाबून धरलं. तिचं काजळ माझ्या पांढऱ्या ओढणीवर उतरत होतं. उतरू दे, म्हणलं, सगळं माझ्यावरच उतरू दे.

"दादी, तुमचं हाडूक टोचतंय," ती रडता रडता म्हणाली.

"टोचू दे. गप पडून ऱ्हा."

"मान दुखती वो."

"भोरला गेल्यावर दाबून देते. उचलू नगंस डोकं."

पुढून मोहसीन कौतुकानं मागं बघत होता. गेनू म्हणाला, "दाजी, पुढं बगा. मागं बगायला सारा जलम हाय."

भोर चार-पाच किलोमीटरवर असेल. वळणावर मेंढरं आली. धनगरांचा कळप, रस्ताभर पांढरं-काळं. गेनूनं करकचून ब्रेक मारला. मी पुढं फेकले गेले, हात सुटला. डोकं वर काढून बघते तर मदिहा मागं गेलेली, आणि चादर सुटून तिच्या पाठीमागं गोळा झालेली. तिचं डोकं चामड्याला टेकलं होतं.

पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. मी लगेच ओढून घेतलं.

मेंढरं सरत होती, घंट्या वाजत होत्या. मदिहा रडायची थांबली होती. शांत बसली होती, पदर नीट करत. मी तिचा हात धरला. मेंदीचा हात, गरम. म्हणलं, विचारून बघू. आदल्या दिवशी मेंदी काढताना तिच्या मैत्रिणीनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं होतं आणि मदिहा इतकी हसली होती की मेंदीचा कोन हातातून पडला. काय सांगितलं ते आम्हा कुणालाच कळलं नव्हतं.

"मदिहा, काल कानात काय सांगितलं गं तुला? लई हसलीस."

तिनं माझ्याकडं तोंड केलं. सुंदर दिसत होती. हसली.

"ते तुमाला कुठं ठावं हाय, दादी?"

"म्हनून तर इचारते."

ती तशीच हसत राहिली. वाट बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी सांगा. मग मी सांगते."

भोर येईपर्यंत मी तो हात सोडला नाही. कुणाचा धरलाय ते मला कळत नव्हतं.

७

पाठराखिणीचे तीन दिवस मी तिथं काढले. मदिहाच्या सासूनं मला म्हणलं, "गुनाची हाय पोर, न सांगता समजतं तिला." मी मान हलवली. सोमवारी पहिली एसटी धरून फाट्यावर उतरले आणि पळतच अंगणात आले. गाडीचं दार उघडं होतं, गेनू आत वाकलेला, हातात ओलं फडकं.

"ठेव!" मी ओरडले. दुकानातली माणसं बाहेर आली.

"तुमचंच काम हलकं करत व्हतो चाची..."

हनुवटीची एक कड त्यानं पुसली होती. बाकी सगळं होतं. कपाळ, गाल, ओठ. चमकीचा ठिपका माझ्या उजवीकडं. ही कुणी परकी नव्हती. माझी नात माझ्याकडं बघत होती. डोळ्यांच्या जागा कोऱ्या होत्या, तरी बघत होती.

मी सलीमला हात धरून आणलं. "बघ. आता तर हाय ना? बघ."

त्यानं बघितलं. "अम्मी," तो म्हणाला, "डाग हाय तो."

"तोंड दिसत न्हाई तुला?"

"दिसतंय तोंडासारखं." त्याचे डोळे भरून आले. "मला बी तिची आठवन येती. म्हनून काय डागाला..." तो दुकानात निघून गेला.

सीट मी पुसली नाही, पुसू दिली नाही. दोन दिवस जेवले नाही, तेव्हा सलीमनं गाडीला रेक्झीनची सीट बसवली आणि चामड्याची सोडवून माझ्या मागच्या खोलीत भिंतीला टेकवून उभी केली. म्हातारी हट्टाला पेटलीय, असं फाट्यावर सगळे म्हणू लागले. गेनूही म्हणत असेल. त्यानंतर रेक्झीनच्या सीटवर तसलं तोंड कधी उमटलं नाही. बाकीच्यांच्या मुली वाचल्या. ते माझं पुण्य नव्हे, मला फक्त माझी हवी होती.

मदिहा माहेराला आली. सासरहून आलेल्या मुलीला मी मदिहाच म्हणते, दुसरं काय म्हणू? शगुफ्ता हरखून गेली. मायलेकी चुलीपाशी बसून बोलायच्या. मी ऐकायचे. शगुफ्ता जे म्हणायची तेच दोन वाक्यांनंतर मदिहा म्हणायची. शगुफ्ताला ते प्रेम वाटायचं.

एकदा दुपारी सगळे झोपलेले असताना ती माझ्या खोलीच्या उंबऱ्यापाशी आली. आत पाय टाकला नाही. भिंतीच्या बाजूला बघितलंही नाही.

"दादी," हलक्या आवाजात म्हणाली, "पुसत का न्हाई?"

मी सरकून सीटच्या पुढं बसले.

"तुमच्या हातनं लगीच जाईल."

ते तिला कसं ठाऊक, असं मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं ते सगळं तिला ठाऊक होतं.

८

चैत्रात पत्रा तापला. मागच्या खोलीत दुपारी बसवेना. एक दिवस बघते तर चामड्याला चीर गेलेली, केसाएवढी, ओठांच्या कोपऱ्यापासून गालाकडं. दुसऱ्या दिवशी ती बोटभर झाली. चामडं वापरात असलं की माणसाच्या अंगाचं तेलकटपण त्याला मिळतं, नुसतं पडलं की ते सुकतं आणि तडकतं. सलीमला न विचारताही हे मला माहीत होतं. त्याला तेल पाहिजे. पण वरून तेल लावलं की मेकअप विरघळणार. एका हातानं जगवायचं आणि त्याच हातानं पुसायचं.

दोन दिवस मी नुसती बसून होते. चीर डोळ्याकडं निघाली. तेव्हा सुचलं, मागून लावावं. चामड्याच्या आतल्या बाजूला, खरखरीत असते तिथं. तेल हळूहळू मुरेल.

सकाळी उजेडात सीट फिरवून ठेवली. मागं किंतानाचं कापड, त्याची शिवण मी वीतभर उसवली. आत काथ्या असतो, स्पंज असतो, स्प्रिंगा असतात. आयुष्यभर सीटा बघितल्यात मी. खोबरेल वाटीत घेतलं, बोटं बुडवली आणि हात आत घातला.

सीटची जाडी एक वीत. माझा हात कोपरापर्यंत गेला.

काथ्या लागला नाही. केस लागले. आधी वाटलं, काथ्याच तो, मऊ पडलेला. मग बोटांना पेड लागले. तीनपेडी वेणी, घट्ट घातलेली, शेवटी जरीचा गोंडा. वेणीच्या मुळाशी बोटं नेली. डोक्याची कातडी गरम होती.

मी हात काढला नाही. का काढला नाही ते सांगता येत नाही. भीती वाटत नव्हती असं नाही. बाहेर सलीमचं मशीन चालू होतं, फाट्यावर कुणीतरी सासवडची गाडी लागली का म्हणून ओरडत होतं. मी म्हणलं, मदिहा. आतून काही आलं नाही. तोंड पलीकडच्या बाजूला होतं, चामड्याला लागलेलं. मी सीट कशी उघडू? चामडं सोडवलं तर तोंड त्याच्याबरोबर सुटून येणार, एवढं मला कळत होतं. मी बोटांवरचं तेल तिच्या भांगात चोळलं.

चोळताना हात बाजूला सरकला आणि दुसरी वेणी लागली. पातळ, कोरडी, जट झालेली. तिच्यापलीकडं तिसरी.

त्या दोघींचं तोंड कुठल्या बाजूला आहे, म्हणून मी एकदा हात पुढं नेऊन बघितला. एकदाच. तिथं गुळगुळीत होतं. नाक नाही, ओठ नाहीत. कडेकडून आत, अगदी निगुतीनं काढलेलं.

शिवण मी परत घातली. सलीमला सांगितलं नाही. त्याला सांगितलं तर तो सीट उघडेल. साळूबाईला सांगितलं नाही. पालीच्या मुलीच्या घरी तर मी कुणाला ओळखतही नाही.

आता दर शुक्रवारी सकाळी, घरातले आपापल्या कामाला लागले की मी चार टाके उसवते. वेण्या सोडते, विंचरते, तेल घालते, परत गुंफते. तिघींच्याही. जटा सुटायला दोन महिने लागले. मदिहाचा भांग मी तेलानं ओला करते तसं ते तेल पुढं पाझरतं, आणि दर शुक्रवारी सीटवरचं तोंड थोडं फिकं झालेलं असतं. गाल गेलेत. नाक नुसतं अंदाजानं दिसतं. एक शुक्रवार तेल घातलं नाही, तर चीर डोळ्यात शिरली.

आता चार थेंब घालते. कधी तीन. हात आत गेला की मदिहाचं डोकं माझ्या तळव्यावर मागं कलतं, मी विंचरेपर्यंत तसंच राहतं. त्या दोघींची डोकी कलत नाहीत.